पाच दिवसांची डागडुजी

गेल्या वर्षी जून-जुलैचे सात आठवडे मी फिलाडेल्फियाच्या पश्चिम भागात लेकीकडे राहून आलो. तिची गल्ली म्हणजे भिंतीला भिंत लागून उभी असलेली दुमजली-तिमजली विटांची घरे, प्रत्येकापुढे लाकडी ओसरी आणि चार पायऱ्या. आपल्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरांची ओळ आठवावी अशी. फरक एवढाच की तिथे प्रत्येक सात-आठ घरांनंतर एखादे घर फळ्या ठोकून बंद केलेले असते.

एका सोमवारी सकाळी समोरच्या घरापुढे दोन व्हॅन थांबल्या आणि त्यांतून एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली पंधरा-सोळा मुले-मुली उतरली. वय चौदा ते अठरा. बरोबर तीन-चार मोठी माणसे. मुलांनी आधी रस्त्यातच गोल करून प्रार्थना केली, मग शिड्या, रंगाचे डबे, फळ्या उतरवल्या. समोरच्या घरात ऐंशीच्या घरातल्या एक कृष्णवर्णीय आजीबाई एकट्या राहतात. शुक्रवारी दुपारपर्यंत त्यांच्या ओसरीची कुजलेली जमीन बदललेली होती, पायऱ्यांना नवा कठडा लागला होता, खिडक्यांच्या चौकटींना पांढरा रंग झाला होता. शनिवारी सकाळी व्हॅन गेल्या. मुले शेजारच्या राज्यातल्या एका चर्चची होती. शहरातल्याच दुसऱ्या एका चर्चच्या तळघरात जमिनीवर पथाऱ्या पसरून ती पाच रात्री झोपली होती.

मी आयुष्यभर बांधकाम खात्यात काढलेला माणूस. रिकामपण होते, त्यामुळे रोज ओसरीवर बसून त्यांचे काम पाहत होतो. दुसऱ्या दिवशी राहवले नाही म्हणून उठून गेलो आणि कठड्याच्या खांबाला खालून आधार कसा द्यावा ते दाखवले. त्यांच्यातल्या सुतारकाम जाणणाऱ्या गृहस्थांनी ते मनापासून ऐकून घेतले, हेही सांगायला हवे. आजीबाईंनी मला आत बोलावून थंड चहा दिला आणि वरच्या मजल्यावर नेले. तिथे छतावर चादरीएवढा ओलीचा डाग होता आणि त्याच्याखाली बादली ठेवलेली होती. त्या घरांची छपरे सपाट, डांबर अंथरलेली असतात. त्यांचे छप्पर दोन हिवाळ्यांपासून गळत होते. मी मुलांच्या प्रमुखाला विचारले, तर त्याने हात जोडल्यासारखे केले. अल्पवयीन मुलांना छपरावर चढवता येत नाही, विमा मिळत नाही. शिवाय छप्पर हे परवानाधारक कंत्राटदाराचे काम. आणि महापालिकेची योजना? आजीबाई हसल्या. घर अजून त्यांच्या आईच्या नावावर आहे. आई जाऊन बरीच वर्षे झाली.

हा प्रसंग माझ्या डोक्यातून गेला नाही, म्हणून परत आल्यावर त्या विषयाचे थोडे वाचन केले. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले तिकडे आहेत. त्यांनीही असे टी-शर्ट पाहिले असतील.

अमेरिकेत या प्रकाराला ‘मिशन ट्रिप’ म्हणतात. आपल्याकडे मिशन म्हटले की पहिला प्रश्न धर्मांतराचा येतो, आणि गुजरातेत तर तो येणारच. इथे त्याचा फारसा संबंध नाही. येणारी मुले ख्रिस्ती, घरातल्या आजीबाई ख्रिस्ती, किंबहुना त्यांची चर्चवारी मुलांहून काटेकोर. दोघांमध्ये अंतर आहे ते धर्माचे नाही. ते पैशाचे, कातडीच्या रंगाचे आणि पत्त्याचे आहे. उपनगरातले किंवा लहान गावातले गोरे, सुस्थितीतले चर्च आपली मुले शहराच्या मोडकळीला आलेल्या भागात आठवडाभर पाठवते. प्रत्येक मुलाचे घरचे लोक काहीशे डॉलर भरतात. त्यातून साहित्य, जेवण आणि प्रवास निघतो. कोणत्या घराला काय हवे याची यादी स्थानिक संस्था करते. सकाळी काम, संध्याकाळी भजन-प्रवचन, शुक्रवारी घरमालकांबरोबर जेवण. दर उन्हाळ्यात हजारो मुले अशी फिरतात.

याची मुळे फार वेगळ्या मातीत आहेत. जॉर्जिया राज्यात अमेरिकस नावाच्या गावाजवळ १९४२ साली क्लॅरन्स जॉर्डन या बाप्टिस्ट पंडिताने ‘कोइनोनिया’ नावाची शेती सुरू केली. काळे आणि गोरे एकत्र राहतील, एकत्र राबतील, एका पंगतीला जेवतील, असा तिचा नियम होता. त्या काळच्या दक्षिणेत हा नियम म्हणजे गुन्हाच. पन्नाशीच्या दशकात शेतीवर गोळीबार झाले, बाँब टाकले गेले, गावाने बहिष्कार घातला. त्यांच्याकडून कोणी काही विकत घेईना आणि त्यांना कोणी काही विकेना. साठच्या दशकात तिथे मिलर्ड फुलर हा तरुण वकील आला. तिशीच्या आत लक्षाधीश झालेला, संसार मोडायच्या बेताला आलेला. त्याने आणि त्याची पत्नी लिंडा हिने संपत्ती वाटून टाकली आणि जॉर्डनबरोबर गरिबांसाठी घरे बांधायचे ठरवले. नफा नाही, व्याज नाही. घर घेणाऱ्याने हप्ते भरायचे आणि स्वतःच्या घामाचे शेकडो तास द्यायचे. १९६९ साली पहिले घर पुरे होण्याआधीच जॉर्डन गेले. फुलर दांपत्याने १९७६ साली ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था काढली.

ती संस्था जगाला माहीत झाली ती एका शेजाऱ्यामुळे. अमेरिकसपासून जवळच प्लेन्स हे गाव आहे आणि तिथे १९८० ची निवडणूक हरलेले जिमी कार्टर राहत होते. १९८४ च्या सप्टेंबरात ते आणि रोझलिन चर्चमधल्या ओळखीपाळखीच्या लोकांना घेऊन बसने न्यू यॉर्कला गेले. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमध्ये सहा मजल्यांची एक ओसाड इमारत होती. छप्पर गेलेले, आत गर्दुल्ल्यांनी पेटवलेल्या शेकोट्यांची राख. माजी राष्ट्राध्यक्ष चर्चच्या वसतिगृहात मुक्काम करून रोज तिथे सुतारकाम करायला जात. पुढे तिथे १९ कुटुंबे राहायला आली. खेड्यातल्या चर्चने शहरातले पडके घर दुरुस्त करायला जाणे, या गोष्टीचे चित्र अमेरिकेच्या मनात बसले ते त्या बसमुळे. त्यानंतर दरवर्षी कार्टर आठवडाभर हातोडा घेऊन कुठे ना कुठे जात राहिले. चौदा देशांत मिळून सुमारे ४,४०० घरांना त्यांच्या या आठवड्यांचा हात लागला.

यातला एक आठवडा आपल्याकडचा आहे. २००६ च्या ऑक्टोबरात लोणावळ्याजवळ मळवलीच्या परिसरात कार्टर पतिपत्नी आले आणि देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी शंभर घरे उभी केली. त्या वेळी वर्तमानपत्रांनी भिंत बांधायला आलेल्या ब्रॅड पिटचे फोटोच जास्त छापले. त्याहून जुना दुवा तर फार थोड्यांना आठवत असेल. कार्टर यांच्या आई लिलियन या वयाच्या ६८ व्या वर्षी ‘पीस कोअर’मध्ये दाखल झाल्या आणि १९६६ ते ६८ या काळात मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या वसाहतीत परिचारिका म्हणून राबल्या. आठवडाभर नाही, जवळपास दोन वर्षे. हा आठवड्याचा आणि वर्षांचा फरक पुढे पुन्हा येणार आहे.

कार्टर २९ डिसेंबर २०२४ रोजी शंभरी गाठून गेले. त्यांच्यावरच्या मृत्युलेखांत हातोडा हटकून होता. पण ते गेल्यानंतरच्या वर्षात, ज्या गोष्टीचे ते प्रतीक होते तिच्यावर नेमका ताण आला आहे, आणि म्हणूनच हा लेख.

आधी ही घरे मोडकळीला का आली ते पाहू, कारण मुलांना ते फारसे सांगितले जात नाही. समोरच्या आजीबाईंची गल्ली आळशांची नव्हती. फिलाडेल्फियात १९५० साली २० लाख ७० हजार लोक होते, २०२० साली १६ लाख. डेट्रॉइटचे तर १८ लाख ५० हजारांचे ६ लाख ४० हजार झाले. कारखाने गेले, गोरी वस्ती उपनगरांत गेली. पण जायला पैसा कोणाला मिळाला? १९३० च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. कर्जाला धोकादायक वस्ती लाल. काळ्यांची वस्ती हटकून लाल. सरकारी विमा असलेले स्वस्त कर्ज उपनगरातल्या नव्या घराला मिळे, लाल रेषेच्या आतल्या जुन्या घराच्या दुरुस्तीला मिळत नसे. घरखरेदीतला हा भेदभाव कायद्याने बंद झाला १९६८ साली. तोवर एक अख्खी पिढी दुरुस्तीविना गेली होती. ज्याने चाळीस वर्षे जुनी इमारत सांभाळली आहे त्याला सांगायला नको की दहा वर्षांची चुकलेली डागडुजी पुढच्या तीस वर्षांत भरून येत नाही. पन्हळ तुंबते, मग भिंतीत पाणी मुरते, मग तुळईचे टोक कुजते, आणि मग ज्या कामाला शंभर रुपये लागले असते त्याला लाख लागतात.

म्हणजे ज्या चर्चची मुले रंग द्यायला येतात, त्यांच्या आजोबांना उपनगरातले घर ज्या धोरणाने मिळाले, त्याच धोरणाने आजीबाईंची ओसरी कुजवली. मुलांचा यात दोष नाही. पण परतीच्या व्हॅनमध्ये कोणी त्यांना हा नकाशा दाखवला तर आठवड्याचा अर्थ बदलेल. मी त्या प्रमुखाला हे भीत भीत सुचवले. तो म्हणाला, काही आईवडिलांना ते राजकारण वाटेल.

या सहलींवर टीका तिकडे पुष्कळ झाली आहे, आणि ती बाहेरून नव्हे, चर्चच्या आतूनच. अटलांटाच्या गरीब वस्तीत अनेक दशके काम केलेल्या रॉबर्ट लप्टन यांनी २०११ साली ‘टॉक्सिक चॅरिटी’ नावाचे पुस्तकच लिहिले. मेक्सिकोतल्या एका चर्चला एकाच उन्हाळ्यात सहा वेगवेगळ्या गटांनी सहा वेळा रंग दिला, असे एक उदाहरण त्यात आहे. होंडुरासमध्ये १९९८ च्या मिच वादळानंतर अमेरिकी गटांनी बांधलेल्या घरांचा अभ्यास कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने केला. स्थानिक संस्था जे घर साधारण दोन हजार डॉलरांत बांधत होती, तेच घर बांधायला आलेल्या गटाचा विमानासह खर्च तीस हजारांच्या घरात जात होता. गावकऱ्यांचे म्हणणे साधे होते: तुम्ही चांगली माणसे आहात, पण तो पैसा पाठवला असता तर आणखी घरे झाली असती. आणि गेलेल्यांच्या आयुष्यात तरी कायमचा फरक पडला का? घरी परतल्यावर त्यांच्या दानधर्मात फार मोठा बदल दिसला नाही.

ही टीका मला पटते, पण पूर्ण नाही. फिलाडेल्फियाला व्हॅनने येणाऱ्यांना विमानाचे भाडे नाही. आणि रंगकाम म्हणजे वरवरची मलमपट्टी, असे माझे जे मत होते ते तिथे थोडे बदलावे लागले. अमेरिकी महापालिका सोललेल्या रंगाबद्दल, तुटलेल्या कठड्याबद्दल, मोडक्या पायरीबद्दल घरमालकाला नोटीस काढू शकते. दुरुस्ती झाली नाही तर दंड वाढत जातो. पेन्शनवर जगणाऱ्या म्हातारीला त्या दंडापायी घरावर पाणी सोडावे लागू शकते. तेव्हा शेजाऱ्याला सुंदर दिसावे म्हणून केलेले काम म्हणून मी ज्याला हसत होतो, त्याने कदाचित तिचे घर वाचवले असेल. व्हीलचेअरसाठी केलेल्या लाकडी उतारामुळे एखादा माणूस दोन वर्षांनी पहिल्यांदा अंगणात येतो. याची किंमत कंत्राटदाराच्या पावतीत शोधून सापडायची नाही.

टेक्सासमधल्या मिडलँड या गावी १९७३ साली एका रविवारच्या शाळेतल्या प्रौढांनी एप्रिलमधला एक दिवस ठरवून शेजाऱ्यांची घरे दुरुस्त केली. ‘ख्रिसमस इन एप्रिल’ हे त्याचे नाव. त्यातून पुढे ‘रीबिल्डिंग टुगेदर’ ही देशव्यापी संस्था झाली. लक्षात घ्यावे की ते लोक कुठे गेले नव्हते. गावातल्याच लोकांनी गावातलीच घरे धरली होती, पुढच्या एप्रिलला तेच लोक पुन्हा येणार होते, आणि छप्पर गळले तर तक्रार कोणाच्या दारात न्यायची हे घरमालकाला माहीत होते.

आता चालू वर्तमानाकडे. फिलाडेल्फियाच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या राहत्या घरांच्या राहून गेलेल्या दुरुस्तीचा खर्च मोजला आहे. २०२२ चा आकडा सुमारे १४९ अब्ज डॉलर. त्याआधी काही वर्षांपूर्वीच्या अंदाजात तो १२७ अब्ज होता. या डोंगराला टी-शर्टवाली मुले पुरणार नाहीत हे सांगायला अभियंता लागत नाही. पेनसिल्वेनिया राज्याने २०२२ साली एक चांगला कायदा केला. फिलाडेल्फियाचे भारतीय वंशाचे राज्य सिनेटर निकिल सावल यांनी तो पुढे नेला, आणि विशेष म्हणजे दोन्ही पक्षांच्या मतांनी. कोविडच्या मदतनिधीतून साडेबारा कोटी डॉलर काढून ठेवले; कमी उत्पन्नाच्या घरमालकाला छप्पर, वीज, नळ, गरम हवेची यंत्रणा यांसाठी ५० हजार डॉलरपर्यंत मदत. ग्रामीण, रिपब्लिकन जिल्ह्यांतही लोक तुटून पडले. कितीतरी ठिकाणी अर्ज इतके आले की यादी बंद करावी लागली. पण तो निधी एकदाचा होता आणि तो चालू ठेवण्यावरून पुढे राज्यात ओढाताणच चालू राहिली.

केंद्रात तर गाडी उलट्या दिशेने निघाली. २०२५ च्या मे महिन्यात ट्रम्प प्रशासनाने जो अर्थसंकल्पी प्रस्ताव मांडला, त्यात १९७४ पासून शहरांना मिळत आलेले सामुदायिक विकासाचे अनुदान आणि परवडणाऱ्या घरांचा ‘होम’ निधी, दोन्ही शून्यावर आणायची सूचना होती. शहरे गरिबांच्या घरांची डागडुजी बरीचशी याच पैशातून करतात. त्याच्या महिनाभर आधी ‘अमेरिकोर’ या राष्ट्रीय सेवायोजनेची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदाने एका फटक्यात रद्द झाली. न्यायालयात गेलेल्या राज्यांपुरता तो हुकूम नंतर फिरवावा लागला.

अशा कपातीचे समर्थन करताना एक वाक्य हमखास येते: ही कामे समाजाने, चर्चने, शेजाऱ्यांनी करावीत. ऐकायला गोड आहे. पण ते बोलणाऱ्याने कधी अशा आठवड्याची तयारी पाहिलेली नसावी. समोरच्या घरी सोमवारी सकाळी सोळा मुले आली तेव्हा फळ्या मापात कापून ठेवलेल्या होत्या. कोणीतरी एप्रिलमध्येच येऊन मोजमाप घेतले होते, परवानगी काढली होती, १९७८ च्या आधीच्या रंगात शिसे असते म्हणून कोणती चौकट खरवडायची नाही ते खुणा करून ठेवले होते. हा कोणीतरी पगारी असतो. ‘हॅबिटॅट’च्या अनेक शाखांमध्ये तो अमेरिकोरचा तुटपुंज्या भत्त्यावर वर्षभर राबणारा तरुण असतो. लाकडाचा पैसाही पुष्कळदा महापालिकेच्या अनुदानातून आलेला असतो. सरकारचा हात काढून घेतला की चर्चचा हात मोकळा होत नाही. तो फळ्यांवाचून, मापांवाचून रिकामा राहतो. मी नोकरीत श्रमदानाचे रस्ते पाहिले आहेत. ज्या गावी ओव्हरसियर आणि खडीचा ट्रक वेळेवर पोचला तिथे रस्ता झाला. बाकी ठिकाणी फोटो झाले.

सरकारी पैसा आणि चर्चची निष्ठा एकत्र आली तरी काय होते, याचे उत्तर बाल्टिमोरच्या सँडटाउन वस्तीत आहे, आणि ते सोपे नाही. १९८६ साली ॲलन टिबल्स नावाचा गोरा गृहस्थ पत्नी आणि दोन मुलींसह त्या काळ्या वस्तीत राहायला गेला. बास्केटबॉल खेळताना झालेल्या अपघाताने तो मानेखाली लुळा पडलेला होता, चाकाच्या खुर्चीत होता. त्याने आणि सोबत्यांनी तिथे चर्च सुरू केले, ‘हॅबिटॅट’ची शाखा काढली आणि एकेक करून पडकी घरे दुरुस्त करवून घेतली. बाहेरून स्वयंसेवक येत, जात. टिबल्स २०१० साली मरेपर्यंत तिथेच राहिला. नव्वदीच्या दशकात महापौर कर्ट श्मोक आणि प्रसिद्ध बांधकाम व्यावसायिक जेम्स राउज यांच्या पुढाकाराने त्याच वस्तीत १३ कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतली गेली. घरे झाली. घरांचे मालक झाले. पण कारखाने परत आले नाहीत. २०१५ च्या एप्रिलमध्ये याच वस्तीतला फ्रेडी ग्रे पोलिसांच्या ताब्यात असताना जबर जखमी होऊन मरण पावला आणि बाल्टिमोर पेटले, तेव्हा जगाने पाहिलेल्या सँडटाउनमध्ये सुमारे एक तृतीयांश घरे ओस होती.

यावरून कोणी म्हणते की सारे व्यर्थ. मला तसे वाटत नाही. दुरुस्त झालेल्या घरात वाढलेली मुले ओस घराशेजारी वाढली तरी छपराखाली वाढली. पण छप्पर म्हणजे रोजगार नव्हे, शाळा नव्हे, पोलिसांची वागणूक नव्हे. हे टिबल्सला कळले होते, कारण तो तिथे राहत होता. शुक्रवारी दुपारी निघणाऱ्याला ते कळणे कठीण.

आणि आता त्या आजीबाईंच्या कागदाकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण तिथे आहे आणि ती आपल्या ओळखीची आहे. ‘प्यू’ या संशोधन संस्थेने २०२१ मध्ये मोजले, तेव्हा एकट्या फिलाडेल्फियात दहा हजारांहून अधिक घरे अशी सापडली की जिथे राहणाऱ्याचे नाव मालकी दस्तावर नाही. एकूण किंमत ११० कोटी डॉलरच्या वर. बहुतेक वेळा कारण एकच: आईवडील वारले, मृत्युपत्र नव्हते किंवा असून कोर्टात गेले नाही, मुले राहत राहिली. कर भरतात, वीजबिल भरतात, पण कागदावर मालक मेलेला. मग दुरुस्तीचे कर्ज नाही, सरकारी मदत नाही, विम्याची अडचण. नाव बदलायचे तर सगळ्या वारसांच्या सह्या, वकील, फी.

हे वाचताना मला फिलाडेल्फिया दिसत नव्हते. बडोद्यात २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा आपल्या ओळखीच्या किती घरांत गाळ आला होता ते सांगायला नको. मंडळाची तरुण मुले फावडी घेऊन आली, दोन दिवसांत एका वाड्याचा चौक धुऊन निघाला. मीही पायजमा खोचून उभा होतो. मोठे समाधान वाटले. त्या वाड्यात पंचाहत्तरीच्या दोघी बहिणी राहतात. पाणी ओसरल्यावर मागच्या भिंतीला पायापासून तडा गेलेला दिसला. मी खर्चाचा अंदाज करून दिला, पैसे जमवायचीही तयारी होती. पण वाड्यात सात हिस्से. एक पुण्याला, दोन अमेरिकेत, एकाचा पत्ताच नाही. त्यांच्यापैकी एकाने फोनवर मला स्वच्छ सांगितले, काका, आता त्यावर पैसे घालू नका, एकदा पडला की जागेला भाव येईल. थोरल्या बाईंनी ते शेजारी बसून ऐकले.

सोमनाथला बाबा आमट्यांनी सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत मी कॉलेजात असताना गेलो होतो. तिथून काय आणले असेल तर हाताचे फोड आणि काही जन्माचे मित्र. आमच्या तिथल्या आठ दिवसांनी आनंदवनाचे काय झाले असेल? फारसे काही नाही. ते आधीही चालू होते, नंतरही. आमची मात्र थोडी मशागत झाली. म्हणून त्या टी-शर्टवाल्या मुलांना मी हसत नाही. पण आमच्या छावणीत आणि त्यांच्या सहलीत फरक होता: छावणीत कोणी आम्हाला असे भासवले नाही की आम्ही कोणाला तारायला आलो आहोत.

मंडळाच्या गेल्या कार्यकारिणीत मी एक सूचना मांडली आणि ती अजून पडून आहे, तेव्हा इथेही लिहितो. दिवाळीआधी वाडे रंगवायचा उपक्रम तरुण मंडळींनी सुचवला आहे. जरूर करावा. पण त्याआधी आपल्यात जे दोन-चार निवृत्त वकील आणि तलाठ्याच्या कचेरीत आयुष्य घालवलेले सभासद आहेत, त्यांनी दर रविवारी दोन तास बसावे आणि ज्या घरात म्हातारी माणसे एकटी राहतात त्यांचे मिळकतीचे उतारे तपासावेत. कोणाचे नाव आहे, कोणाचे नाही, कोणाच्या सह्या राहिल्या आहेत. रंगाला पाच दिवस पुरतात. याला दोन-तीन वर्षे लागतील आणि त्याचा फोटो निघणार नाही. कार्यकारिणीत एका सभासदाने विचारले, लोकांच्या घरगुती भानगडीत मंडळाने कशाला पडायचे? प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे त्याचे उत्तर एवढेच की भिंत पडते तेव्हा ती घरगुती राहत नाही. शेजारच्या चुलत घराच्या न्हाणीवर पडते.

लेकीचा परवा फोन आला होता. आजीबाईंच्या चर्चमधल्या एका तरुण वकीलबाईने त्यांचे प्रकरण फुकट हातात घेतले आहे. तीन भावंडांपैकी दोघांच्या सह्या आल्या. तिसरा भाऊ जॉर्जियात असतो, तो फोन उचलत नाही. ओसरीचा कठडा पक्का आहे, लेकीने मुद्दाम हलवून पाहिला. वरच्या मजल्यावर बादलीच्या जोडीला आता दुसरी बादली आली आहे.